कानामागे हात धरणारा मेंढपाळ

आईला लकवा मारला, तिची वाचा गेली, आणि देवावरचा माझा विश्वासही आतून पार खिळखिळा झाला. त्यात कॉलेजात जाणाऱ्या माझ्या लेकीने विचारलं, "मम्मी, येशूने स्वतः एक ओळही लिहिली नाही. नंतर लोकांनी लिहिलं, त्यातलं काय ठेवायचं तेही लोकांनीच ठरवलं. मग तू भरवसा ठेवतेस कशावर?" आमच्या फादरांना विचारलं तर ते म्हणाले, "बायबल वरून पडलं नाही हो. आधी विश्वासणाऱ्यांची मंडळी होती, तिचं सांगणं होतं, प्रार्थना होती. पुस्तक त्यातून आलं." मला ती टाळाटाळ वाटली. राजेंद्र नगरच्या घरी रोज संध्याकाळी मी आईला शुभवर्तमान वाचून दाखवायची आणि ती भिंतीकडे बघत राहायची. बोलणं परत येईल की नाही, डॉक्टरही सांगू शकत नव्हते. तिचा आवाज एकदा ऐकू दे, एवढंच मी मागत होते, आणि मागतानाच वाटायचं, ऐकतंय का कोणी?

आई तरुणपणी आमच्याच शहरातल्या परदेशीपुऱ्यात गिरणी कामगारांच्या मुलांना धर्मशिक्षण द्यायची. पुस्तकं पुरायची नाहीत, म्हणून सगळं तोंडी, तेही मुलांच्या हिंदीत. येशूची हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगताना ती मध्येच थांबायची आणि कानामागे हात धरायची, म्हणजे मेंढपाळ मेंढराची हाक कान देऊन ऐकतोय. मग विचारायची, "फिर क्या किया उसने?" मुलं एका सुरात ओरडायची, "कंधे पे बिठाया!"

त्या दुपारी फिजिओथेरपीसाठी आम्ही नंबर लागायची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर एक अनोळखी बाई आपल्या रडणाऱ्या छोट्या मुलीला मेंढराची गोष्ट सांगत होती. माझं अर्धंच लक्ष होतं. बोलता बोलता ती थांबली आणि तिने कानामागे हात धरला. सच सांगते, ती लकब मी ओळखली, आईचीच. "फिर क्या किया उसने?" मुलगी डोळे पुसू लागली. आणि माझ्या बाजूच्या व्हीलचेअरमधून, वाकड्या तोंडाने, जड जिभेने आई म्हणाली, "कंधे... पे."

मी हसत होते की रडत होते, देव जाणे. ही गोष्ट कुठे ऐकली, असं बाईंना विचारलं. "सासूमाँ सुनाती थीं जी. उन्होंने बचपन में परदेशीपुरे की किसी मास्टरनीजी से सीखी थी." मी आईकडे बोट दाखवलं. बाईंनी वाकून तिचे पाय धरले.

फादरांचं बोलणं मला त्या बाकावर उमगलं. येशूच्या प्रेषितांनी सांगितलं, ऐकणाऱ्यांनी पुढे सांगितलं, त्यातूनच लिहिलं गेलं. आणि खूप काही लिहिलं गेल्यावर त्यातलं आपलं कोणतं, हे मंडळीने ओळखलं, जसा मी तो कानामागचा हात ओळखला. पवित्र आत्मा हे सगळं सांभाळत होता, आणि मी मात्र सगळा भार माझ्या वाचून दाखवण्यावर आहे असं धरून बसले होते. घरी आल्या आल्या लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "सही है मम्मी, पण मी अजून विचार करतेय." करू दे की.

आता मी शुभवर्तमान वाचते, पुस्तक मिटते आणि कानामागे हात धरून आईपुढे बसते. कधी शब्द येतो, कधी येत नाही. येत नाही तेव्हा पूर्वी मी घाबरायची. आता नाही घाबरत. आम्हा दोघींना त्या मेंढपाळाने केव्हाच खांद्यावर घेतलं आहे.