निंबवंडीची गाठ

पार्सलच्या ऑफिसात नोकरी म्हटलं की कॉलेजातल्या मैत्रिणी नाक मुरडतात. गोणपाट, सुतळी, लाख. त्यात सांगण्यासारखं काय असणार? मग मी एक सांगते, त्या दुसरं मागतात, आणि कपातला चहा निवून जातो. आमच्या ऑफिसात माणसं तीनच, पण वर्षभरात एवढं साचलंय की कुठून सुरू करावं तेच कळत नाही.

एक आधीच कबूल करते. मी घाबरट आहे. पाल चुकचुकली तरी माझ्या हातातलं पेन पडतं. वडील म्हणतात, "आपल्या घरातली भुतं छप्पन साली दीक्षा घेतली तवाच देवांसंगं बाहेर काढली. तुले कुठं सापडतात?" तेव्हा माझ्या घाबरण्याकडे पाहू नका. काय घडलं तेवढं ऐका.

*

आमची कंपनी देशभर पार्सलं पोचवते. गावोगावच्या गाड्या जिथं येतील, मालाची अदलाबदल करतील आणि पुढं निघतील, अशी मोठी गोदामं तिला ठिकठिकाणी बांधायची आहेत. वाशीमच्या आसपास असं गोदाम कुठं असावं, ते ठरवण्यासाठी कापसाच्या जिनिंगच्या मागच्या एका खोलीत आमचं ऑफिस उघडलं. वानखडेसाहेब, जीपचे ड्रायव्हर गुलाबभाई आणि मी.

मुंबईहून आलेल्या पत्रात त्या गोदामाला 'हब' म्हटलं होतं. गुलाबभाई म्हणाले, "म्हंजे बैलगाडीच्या चाकाचा मधला तुंबा. सांगा ना मंग तसं."

जागा शोधायची साहेबांची पद्धत अशी. नकाशा एका फळीवर चिकटवायचा. प्रत्येक गावाच्या जागी भोक पाडायचं, त्यातून दोरा खाली सोडायचा आणि त्या गावची पार्सलं जितकी, तितकं किराणा दुकानातलं वजन त्याला टांगायचं. सगळ्या दोऱ्यांची टोकं वर एका गाठीत बांधायची. मग गाठ सोडून द्यायची. जो तो दोरा तिला आपल्याकडे ओढतो, आणि जिथं ती थांबते तिथून सगळ्या गावांना माल न्यायला कमीत कमी फिरावं लागतं.

पहिल्या दिवशी साहेबांनी गाठ सोडली. खाली वजनं एकदम खणखणली आणि मी दारापर्यंत पोचले.

साहेब शांतपणे म्हणाले, "शालिनीबाई, गाठ इकडं आली. तुम्ही कुठं निघालात?"

गाठ थांबली होती ती किन्हीराजाच्या खाली, कोऱ्या जागेवर. भिंग लावून पाहिलं तेव्हा बारीक अक्षरं दिसली. 'निंबवंडी (रीठ)'. रीठ म्हणजे सरकारी कागदावर राहिलेलं गाव. नाव आहे, शिवार आहे, माणूस एकही नाही.

*

साहेबांना वाटलं, मोजणीत चूक असेल. आम्ही पुन्हा मोजलं. शिरपूरला यात्रेकरू वाढले होते, म्हणून तिकडचं वजन दुप्पट केलं. धनजची पार्सलं कमी झाली होती, तिकडचं अर्धं काढून घेतलं. गाठ सोडली. ती शिरपूरकडे थोडी सरकली, जराशी थांबली, आणि मागं फिरून निंबवंडीवर येऊन बसली.

भोकांना मेण लावलं. दोरे बदलले. फळी उलटी करून ठोकली, सुलटी केली. गाठ निंबवंडीवर.

चौथ्या वेळी साहेबांनी तिला बोटानं रस्त्यावरच्या, आमच्या इकडच्या मालेगावावर दाबून धरलं आणि बोट उचललं. आम्ही तिघं पाहत होतो. ती घाईनं नाही गेली. दिवसभर राबलेलं माणूस चालतं तशी गेली.

गुलाबभाई हळूच म्हणाले, "गाठ घरी जाऊन राह्यली, साहेब. जाऊ द्या."

*

मग जागा पाहायला गेलो. भर दुपार. किन्हीराजापासून पुढं जीपला वाटच नव्हती, ढेकळांतून गेलो. चारी बाजूंनी काळं रान आणि मधे एक तुकडा पांढऱ्या मातीचा. गाव बसलेल्या जागेची माती अशीच असते, घरांच्या भिंती विरघळून झालेली. तिच्या मधोमध एक दगडी ओटा. बाकी काही नाही.

ओटा झाडलेला होता. खराट्याचे फराटे ताजे दिसत होते.

तेवढ्यात एक म्हातारबुवा कडेनं निघाले. डोक्यावर वांग्यांची पाटी, मानेवर घाम. मी विचारलं, "बाबा, हे झाडतं कोण?"

"कोण झाडन? इथं कोनी येत नाई."

"जरा टेका ना इथं. पाणी घ्या."

त्यांनी ओट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "पानी उभ्यानं पितो, बाई. आमी इथं वझं टेकवत नाई."

"काहून?" गुलाबभाईंनी विचारलं.

"टेकवलं का मंग उचलत नाई."

पाटी डोक्यावर तशीच ठेवून ते उभ्यानं पाणी प्यायले आणि निघून गेले. साहेब हसले. पण गुलाबभाईंनी पार्सलं तोलायचा वजनकाटा आल्याआल्याच ओट्यावर ठेवला होता. रोज तो ते एका हातानं जीपमध्ये टाकतात. त्या दिवशी दोघांनी मिळून उचलला. गुलाबभाई कमरेला हात लावून म्हणाले, "लचक भरली."

साहेबांची कंबर का दुखत होती, ते त्यांनी सांगितलं नाही.

*

मुंबईचं पत्र आलं. ओसाड रानात गोदाम होणार नाही, रस्त्यावरचं गाव सुचवा, नाहीतर हे ऑफिस बंद करतो. साहेब म्हणाले, "मालेगाव यायला पाहिजे होतं. आता आपण तिघंही घरी." आणि जेवायला गेले.

साहेबांना दुसरीकडे नोकरी मिळाली असती, गुलाबभाईंना दुसरी जीप. माझं तसं नव्हतं. पुढच्या महिन्यात मी कायम होणार होते. वडिलांनी मला शिकवलं तेव्हा आख्खी गल्ली हसली होती, आणि माझ्या नेमणुकीचं पत्र त्यांनी घडी न घालता, पुस्तकात सरळ ठेवलं होतं.

मी मालेगावच्या दोऱ्याला एक वजन जास्त टांगलं. गाठ सुतासारखी सरळ मालेगावावर गेली.

आता त्या वजनाची पार्सलं मोजणीच्या वहीत दाखवायला हवी होती. शेवटच्या पानावर बारा ओळी कोऱ्या होत्या. मी बारा पार्सलं मनानं लिहिली. 'किसन बापूजी, मालेगाव, तांब्याची घागर.' 'सखू तुळशीराम, मालेगाव, लुगडी दोन.' अकरा नावं झाली. बारावं काही केल्या सुचेना, पायरीवर साहेबांच्या वहाणा वाजल्या, म्हणून माझंच लिहून टाकलं. 'शालिनी नारायण, मालेगाव, कंदील एक, काच वेगळी बांधलेली.'

अहवाल गेला. मुंबईहून शाबासकीचं पत्र आलं.

*

चौथ्या दिवशी खिडकीशी एक माणूस उभा राहिला. धोतर, हातात काठी.

"बाई, माह्यं पार्सल आलं का? मालेगावले गेल्तो. ते म्हने वाशीमले पाहा."

"नाव?"

"किसन बापूजी."

पेन पडलं. ते उचलायला वाकले तेव्हा दाराच्या फटीतून त्यांचे पाय दिसले. गुडघ्यापर्यंत पांढरी माती.

"काय होतं पार्सलात?"

"घागर. तांब्याची."

मी म्हटलं, आलं नाही. ते रागावले नाहीत. "मंग तिकडंच पाह्यतो," म्हणाले आणि गेले. गुलाबभाईंनी त्यांना पाणी दिलं, तेही ते उभ्यानंच प्यायले.

मी साहेबांना नाव सांगितलं, वही मात्र दाखवली नाही. साहेब म्हणाले, "किसन बापूजी मालेगावात दहा निघतील."

दुसऱ्या दिवशी एक बाई आली. सखू तुळशीराम. तिसऱ्या दिवशी तिसरं नाव. ज्या क्रमानं लिहिलं त्याच क्रमानं, रोज एक. सगळ्यांचे पाय पांढरे, आणि जाताना सगळ्यांचं तेच, "मंग तिकडंच पाह्यतो."

अकरा दिवस झाले. बाराव्या दिवशी कुणी आलं नाही. मी दिवसभर खिडकीकडे पाठ करून बसले. संध्याकाळी गुलाबभाई किन्हीराजाहून आले आणि चावी टेबलावर टाकत म्हणाले, "आज निंबवंडीच्या वाटेनं लई मानसं होती, बाई. डोक्यावर वझी घेऊन येऊन राह्यली होती. बजार होता का तिकडं?"

*

महिनाअखेरीला मुंबईचे साहेब पाहणीला आले. गोरे, चष्मेवाले, बोटानं एकेक ओळ तपासणारे. माझं कायम होण्याचं पत्र त्यांच्याच पिशवीत होतं, सहीविना. वहीचं शेवटचं पान उघडून ते म्हणाले, "या बारा पार्सलांच्या पोचपावत्या दाखवा."

पोचपावत्या कुठल्या असायला? खरं सांगायचं म्हणून तोंड उघडलं, तर वानखडेसाहेबांनी कपाटातून एक गठ्ठा काढून त्यांच्यापुढं ठेवला. "सकाळच्या टपालात आल्या," म्हणाले.

मुंबईचे साहेब मोजत गेले. अकरा अंगठे. प्रत्येक अंगठ्याभोवती पांढरट धूळ. बारावीवर सही होती. माझी सही मी ओळखते, 'न'ला खाली लांब शेपटी काढते. त्याला भिंग नको होतं.

"शालिनी नारायण म्हणजे तुम्हीच ना?" त्यांनी विचारलं. "मालेगावच्या पत्त्यावर कंदील मागवलात?"

वानखडेसाहेब माझ्याकडे पाहत होते. भिंतीशी फळी वजनांसकट तशीच मांडलेली होती आणि गाठ मालेगावावर होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती सरकायला लागली होती.

"हो," मी म्हटलं. "मीच मागवला."

"सही तुमचीच?"

"माझीच."

त्यांनी माझ्या पत्रावर सही केली.

उन्हं होती तोवर मी घरी पोचले. पत्र वडिलांच्या हातात द्यायचं म्हणून जवळजवळ पळत गेले. वडील ओसरीवर मांडी घालून बसले होते. मांडीवर धोतराचा जुना तुकडा, शेजारी गवताचं वेष्टण, आणि ते काच पुसत होते.

"कोणी आणलं?" मी विचारलं.

"होता एक जण. बस म्हटलं, पानी घे म्हटलं, पन वझं काही खाली टेकवेना. माह्या हातातच देल्लं न गेला." त्यांनी काच उन्हात धरून पाहिली. "काच वेगळी बांधली होती म्हनून बरं, माय. नाईतं फुटली असती."