मधल्या खोलीतले अण्णा

मारतहळ्ळीच्या त्या घरात मी वरची खोली भाड्यानं घेतली, तेव्हा मालकीणबाईंनी दोनच गोष्टी बजावल्या. पाणी सकाळी लवकर भरून ठेवायचं आणि मधल्या खोलीसमोरून जाताना आवाज करायचा नाही. "अण्णा असतो तिथं," त्या म्हणाल्या. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. निपाणीकडच्या मराठी घरातल्या, लग्न करून बेंगळुरूला आलेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. बोम्मसंद्र्याच्या एका कपड्यांच्या कारखान्यात शिलाई तपासायचं काम करून आता घरी बसल्या होत्या. पुण्याहून नुकत्याच आलेल्या मला मराठी बोलणारी मालकीण मिळाली म्हणून मी अशी हरखले की अण्णा कोण, हे विचारायचंच राहिलं. अंथरुणाला खिळलेला भाऊ असेल, असं मी धरून चालले.

माझा जिना त्यांच्या घरातूनच वर जायचा. संध्याकाळी ऑफिसातून आले की अक्का झाकलेलं ताट घेऊन मधल्या खोलीत जाताना दिसायच्या. आत काहीतरी हळू आवाजात बोलायच्या, दार ओढून घ्यायच्या आणि मला खूण करायच्या, "जेवूलालाय." मी आपली चपला हातात घेऊन चोरासारखी वर जायची. पण मला हळूहळू त्या खोलीचा राग येऊ लागला. आजारी माणूस खोकतो, कण्हतो, निदान पंख्याचा आवाज तरी येतो. त्या दाराआडून कधीच काही आलं नाही. आणि अक्का मात्र सकाळी सांगायच्या, अण्णाला रात्री झोप नाही, अण्णाला आज भात नको झालाय.

एका रविवारी दुपारी वाऱ्यानं ते दार उघडलं. मी जिन्यावरच होते. डोकावू नये हे कळत होतं, तरी डोकावले. पलंग, त्यावर कुणीतरी नुकतंच उठल्यासारखी चुरगळलेली चादर, खुंटीवर टॉवेल, स्टुलावर झाकलेलं ताट. माणूस नव्हता. खोलीला दुसरं दार नव्हतं आणि खिडकीला गज होते. मागे वळले तर अक्का अगदी माझ्या पाठीशी उभ्या, माझ्या खांद्यावरून आत बघत.

"झोपलाय काय गं?" त्यांनी मलाच विचारलं.

मी "हो" म्हटलं. का म्हटलं, देव जाणे. भीतीच वाटली असणार. त्यांनी दार अलगद लोटलं आणि समाधानानं स्वयंपाकघरात गेल्या.

मी मुळातच तापट. रात्रभर घाबरले की सकाळी मला राग येतो. दुसऱ्या दिवशी अक्का अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या, तिथं जाऊन मी सरळ सांगितलं, मला खरं काय ते सांगा, नाहीतर मी खोली सोडते. त्यांना जराही वाईट वाटलं नाही. उलट शेंगांचा ढीग माझ्याकडे सरकवला आणि सोलता सोलता सगळं सांगितलं.

अण्णा त्यांचा थोरला भाऊ. देवनहळ्ळीच्या बाजूला जमिनींचे व्यवहार करणाऱ्या एका दलालाचा ड्रायव्हर होता. विमानतळ झाल्यावर तिकडच्या शेतांचे प्लॉट पडू लागले. एक म्हातारं जोडपं आपलं शेत द्यायला तयार होईना, तेव्हा दलाल आणि अण्णा एका संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. म्हातारा-म्हातारी दोघंही मेली. पकडले गेल्यावर दलालानं मोठा वकील केला आणि स्वतः माफीचा साक्षीदार झाला. कोर्टात सगळं सांगितलं, नियमाप्रमाणे त्याला माफी मिळाली, तो घरी गेला. अण्णाला फाशी. वरच्या कोर्टांनीही ती कायम केली. आता राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज होता आणि अण्णा बेळगावच्या तुरुंगात उत्तराची वाट बघत होता.

माझा भाऊ निर्दोष आहे, असं त्या म्हणतील म्हणून मी थांबले होते. त्या तसं म्हणाल्या नाहीत.

"केलंय की त्यानं," अक्का म्हणाल्या. "ती म्हातारी मला डोळ्यांपुढं दिसते. पण दोघांनी केलं गं. आधी ज्यानं तोंड उघडलं त्याला माफी. आमचा अण्णा लहानपणापास्नं मुका-मुकाच."

मग मला विचारलं, तुझ्या त्या कॉम्प्युटरच्या इंग्रजीत दलालाला मिळालेल्या माफीला आणि अण्णासाठी मागितलेल्या माफीला दोन शब्द आहेत का? मी म्हटलं, आहेत. त्यांना बरं वाटलं. मराठीत मात्र एकच, असं म्हणून त्यांनी सोललेले दाणे उचलले आणि अण्णाला आवडतात म्हणून आमटीला टाकले.

खोलीचं विचारलं तेव्हा म्हणाल्या, फाशीची शिक्षा झालेल्या माणसाचं काय करायचं, हे कुणी सांगितलंय का? मेला म्हणावं तर तेरावं करता येत नाही. जिवंत म्हणावं तर सणाला बोलावता येत नाही. म्हणून त्यांनी त्याला घरीच ठेवून घेतला होता. मला हे भयंकर वाटलं आणि पटलंही. खोली मी सोडली नाही. चपला हातात घेऊनच जात राहिले, आणि पुढे पुढे तर दाराशी "येते हं अण्णा" असं माझ्याही तोंडून निघायला लागलं.

त्याच सुमारास पेपरात दयेच्या अर्जांवरून रण माजलं होतं. कुणाचा तरी अर्ज फेटाळला गेला होता, कुणाची तरी शिक्षा कमी झाली होती, आणि आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये जो तो न्यायाधीश झाला होता. माझ्या टीममधला एक पुणेकर म्हणाला, असल्यांना कशाला पोसायचं? मी विचारलं, आणि ज्यानं साक्ष देऊन माफी मिळवली त्याचं काय? ती प्रोसीजर आहे, तो म्हणाला. मी अशी भडकले की माझा डबा तसाच राहिला. खरं सांगायचं तर मलाही त्या म्हाताऱ्या जोडप्यासाठी शिक्षा हवीच होती. फक्त ती दोघांत अर्धी अर्धी न वाटता एकाच्याच ताटात का, एवढंच मला कळत नव्हतं.

थंडी सुरू झाली तेव्हा एका सकाळी अक्का मधल्या खोलीत पाण्याचं भांडं घेऊन जाताना दिसल्या. मी दारातून बघितलं. उशीवर ओल्या फडक्याची घडी ठेवली होती.

"ताप हाय त्याला," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, तुरुंगातून फोन आला का? नाही की, त्या म्हणाल्या आणि फडकं उचलून पिळलं. त्या फडक्याला मी हात लावला, उगाच, त्यांच्या हातातून घ्यायला म्हणून. ते गरम लागलं. पाणी कोमट असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि ऑफिसला पळाले. पुढचे काही दिवस रोज तेच चाललं. अक्कांनी जेवण टाकलं होतं.

मग एका दुपारी अक्कांचा फोन आला. त्या मला ऑफिसात कधी फोन करत नसत.

"अण्णा सुटला गं," त्या म्हणाल्या. आवाज शांत, अगदी हलका. "सकाळी कळलं."

मी कँटीनमध्येच होते. त्या पुणेकराला मी ऐटीत सांगितलं की आमचा माणूस सुटला. अर्ध्या दिवसाची रजा टाकली, वाटेत म्हैसूरपाकाचा डबा घेतला आणि रिक्षात बसून अक्षरशः रडले. राष्ट्रपतींच्या टेबलापर्यंत अक्कांच्या भावाचा कागद पोचला, कुणीतरी तो नीट वाचला, असं काहीबाही मनात येत होतं; दया झाली तरी फाशीची जन्मठेप होते, माणूस लगेच घरी येत नाही, हे डोक्यातच आलं नाही. एवढा आनंद मला पुण्यात माझ्या माणसांसाठीही कधी झाला नव्हता.

घराचं दार उघडं होतं. मधली खोली झाडून-पुसून स्वच्छ केलेली, चादर काढलेली. अक्का पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. मी धावत जाऊन त्यांना मिठी मारली, अभिनंदन अक्का, म्हटलं आणि म्हैसूरपाकाचा तुकडा त्यांच्या तोंडात घातला. त्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं. मग तो चावून चावून खाल्ला.

"स्वल्प आणखी दे," त्या म्हणाल्या.

मी दिला, एक स्वतःही तोंडात टाकला आणि विचारलं, किती वाजता पोचणार? आपण स्टँडवर जाऊ या का?

"स्टँडवर नाही. रात्री उशिरा आणून सोडतात म्हणाले, अँब्युलन्समधनं. ताप डोक्यात गेला, म्हणतात. अर्जाचं उत्तर यायचंच होतं अजून."

तो घास मला गिळताही येईना आणि थुंकताही येईना. मी तिथंच फरशीवर बसले. माफ करा अक्का, एवढंच म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर त्या शब्दाची मला लाज वाटली.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. एकीकडे फोन वाजत होता. शेजारणींना त्या कन्नडमध्ये 'होद' म्हणून सांगत होत्या, म्हणजे गेला. निपाणीच्या नातेवाइकांना मराठीत पुन्हा तोच शब्द, सुटला. शेवटचा फोन ठेवला आणि डबा माझ्याकडून घेऊन झाकण लावलं.

"सरी, ठीक हाय," अक्का म्हणाल्या. "न्याय झाला म्हणायचा. तोही सुटला, हाही सुटला."