डाव्या हाताने टांगलेले बोंबील

या ग्रुपवर रोज कोणाला तरी पांढऱ्या साडीतली बाई दिसते, नाहीतर ओळखीच्या आवाजात कोणीतरी हाक मारतं. मी सगळं वाचते आणि बहुतेक वेळा हसते. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. कोळ्याच्या घरात जन्मले, कोळ्याच्याच घरात दिली, पण गावातल्या अंगणवाडीत अख्खी नोकरी केली. पोराच्या तापाला ‘बाहेरची बाधा’ म्हणणाऱ्या आयांना मी स्वतः हाताला धरून दवाखान्यात नेलंय. आमच्याकडचे पुरुष समुद्रावर दिवे दिसले, कोणीतरी नावाने बोलावलं असं सांगायचे, तेव्हा मी विचारायची, किती प्यायला होतास? असो... आता माझी पाळी.

मी दांडीची. तारापूरच्या किनाऱ्यावरचं गाव, बोईसर स्टेशनवरून रिक्षाने यायचं. जेट्टीकडे जाणाऱ्या गल्लीत आमचं घर, पुढे मोठं अंगण, आणि अंगणात वलांडी — म्हणजे बांबू रोवून त्यांना बांधलेल्या दोऱ्या, बोंबील सुकवायला. नवरा गेला. मुलगा संजय बोईसरला कंपनीत, तिथेच फ्लॅट. मी दांडीला एकटी राहायची आणि खोटं कशाला बोलू, मजेत राहायची.

फक्त हात गेले होते. संधिवात. म्हातारपणाचं खरं कोणी सांगत नाही बघा. लोकांना वाटतं, मरणाची भीती वाटत असेल. कसली भीती! गोळ्यांच्या बाटलीचं झाकण उघडत नाही, ब्लाउजचा हुक लागत नाही म्हणून घरात गाऊनवर बसायचं, आणि दुकानदार आपल्यासमोर मुलाला विचारतो, ‘आजींना काय हवंय?’ — हे म्हातारपण. मागे एकदा गॅसवर दूध विसरले. माझ्या सुनेचं, सारिकाचं, दूध आठवड्यातून एकदा उतू जातं, त्याला घाई म्हणतात. माझं गेलं तर त्याला वय म्हणतात. तेव्हाच संजयने बजावलं होतं, ‘आई, आता परत असं काय झालं ना, तर मी तुझं काय एक ऐकणार नाय. सरळ बोईसरला न्यायचं.’

तेव्हापासून मी जपून होते. गॅस दोनदा बघायची, कडी दोनदा लावायची. मला त्या फ्लॅटमध्ये जायचं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. गावात एका घरी हळद होती. आमच्याकडे हळद म्हणजे सगळी आळी रिकामी. मला कोणी बोलवायला आलं नाही... आमंत्रण होतं हो, पण हाताला धरून न्यायला कोणाला सवड असते? मी ओट्यावर बसले होते. दुपारी पुतण्या रतन आला, बोंबलांचा भरलेला क्रेट अंगणात ठेवला. माझा नवरा त्या बोटीत भागीदार होता, म्हणून अजून आमच्या घरी वाटा येतो. एरवी थोडे खायला देतो, त्या दिवशी हळदीच्या घाईत अख्खा क्रेट टाकला. म्हणाला, कोणाला तरी देऊन टाक काकी. आणि गेला. देऊ कोणाला? गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं, तेही हळदीला गेलं असणार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ओला बोंबील म्हणजे नुसतं पाणी, उन्हात राहिला की खलास. तो लगेच टांगावा लागतो. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. बारीक दात असतात, बोटांना टोचतात. लहानपणापासून हजारो जोड्या केल्या असतील मी. त्या दिवशी एक जमली नाही. बोटं मिटतच नव्हती, मासा निसटून मातीत पडत होता. परत उचलायचा, परत पडायचा. शेवटी मी तिथेच बसून रडले. समोर चांगली मासळी सडणार आणि आपण बघत बसणार, याहून मोठा अपमान कोळणीला नाही. मग साबणाने हात धुतले, क्रेटवर ओलं गोणपाट टाकलं आणि आत जाऊन आडवी झाले.

जाग आली तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. बाहेर आले तर गोणपाट बाजूला घडी करून ठेवलेलं, क्रेट रिकामा, आणि वलांडीवर सगळे बोंबील टांगलेले. अगदी सरळ, सारख्या अंतरावर.

आधी मला आनंद झाला. खरंच सांगते, भीती नंतर वाटली. वाटलं, कोणीतरी मायेने करून गेलं. मग जवळ जाऊन जोड्या बघितल्या. आमच्या बायका उजव्या हातातल्या माशाचा जबडा डाव्यात घालतात. या सगळ्या जोड्या उलट्या होत्या. गावात असं एकच बाई करायची — माझी मोठी जाऊ, हिराबाय. ती डावरी होती. एका अंगणात आम्ही दोघींनी जन्म काढला, भांडलो, एका ताटात जेवलो. ती जाऊन चार वर्षं झाली.

मी माझे हात बघितले. बोटांना टोचल्याची एक खूण नाही, बोंबलाचा वाससुद्धा नाही, साबणाचा होता.

संध्याकाळी शेजारची वनिता हळदीवरून आली. ती वलांडीपुढे थांबली, एक जोडी हातात घेऊन बघितली आणि हळूच म्हणाली, ‘काकी, हे तर हिराबायचं काम हाय.’ मी काही बोलले नव्हते. तिने स्वतःहून सांगितलं, आणि पदर डोक्यावर घेऊन घरात गेली.

दुसऱ्या दिवशी संजय आणि सारिका आले. मी मूर्ख, घडलं ते सगळं सांगून बसले. संजयने सारिकाकडे बघितलं. मी म्हटलं, वनिताला विचार. त्याने विचारलं. वनिताने माझ्याकडे बघितलं नाही. ‘मला काय म्हायती? काकीनीच टांगले असतील,’ म्हणाली. तिच्या मुलीचं लग्न ठरत होतं, शेजारात असली चर्चा तिला परवडणारी नव्हती. कळतं मला. पण माफ नाही केलं मी तिला.

मी संजयपुढे हात धरले. म्हटलं, बघ, एक तरी ओरखडा आहे का? तो मोबाईलमध्ये डॉक्टरचा नंबर शोधत होता. आणि सारिका काय म्हणाली माहितीये? ‘म्हणजे भांडी घासायची असली की तेवढे हात दुखतात का, आई?’ तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. इतक्या वर्षांचं दुखणं एका वाक्यात ढोंग ठरलं.

बोईसरच्या डॉक्टरने मला आजचा वार विचारला, उलटे आकडे म्हणायला लावले. मी सगळं बरोबर सांगितलं. मग त्याने संजयकडे बघून विचारलं, गेलेली माणसं दिसतात का यांना? मी तिथेच बसले होते हो! मी विचार केला, खरं बोलून काय मिळालं? घर वाचवायचं तर खोटं बोलावं. म्हणून म्हटलं, ‘मीच टांगले.’ डॉक्टर म्हणाला, मूठ मिटून दाखवा. मिटली नाही. ‘मग कसे टांगले?’ जाऊने टांगले म्हणाले तर भ्रम, मी टांगले म्हणाले तर विस्मरण. माझ्या वयात अनुभव येत नाहीत मंडळी, फक्त लक्षणं असतात.

आठवड्याभरात दांडीच्या घराला कुलूप लागलं. आता मी या फ्लॅटमध्ये असते. गॅसला हात लावायचा नाही, एकटीने खाली उतरायचं नाही. सुकी मासळी भाजायची नाही, शेजाऱ्यांना वास येतो. सगळे माझी काळजी घेतात, असं सगळे म्हणतात.

त्या दुपारी काय झालं, मला आजही सांगता येत नाही. गावातल्या प्रत्येकीला विचारून झालं, कोणी आलं नव्हतं. तुम्हाला काही सुचत असेल तर लिहा, पण ‘तुम्हीच केलं असेल’ एवढं लिहू नका, ते ऐकून झालंय.

मला भीती नाही वाटत तिची. राग येतो. दुपारी सगळे झोपले की मी गॅलरीत बसून तिच्याशी भांडते. हिराबाय, चार वर्षांत माझ्या अंगणात न बोलावता मदतीला आलीस ती तू एकटी. माझे हात चालत नाय म्हणून सगळा क्रेट टांगून गेलीस. पण सडू दिले असतेस ना गं... सडलेल्या मासळीबद्दल मला कोणीच काय विचारलं नसतं. मी अजून दांडीला असते.