हरणाबाईच्या रानातली वेडी बाभूळ

माझ्या वडिलांना आठ वर्षं बांधावर उभं राहून शिव्या देणाऱ्या बाईबद्दल मी चार शब्द चांगले लिहावेत, अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. हरणाबाईचा मला राग आहे. तिच्याविषयी लिहायला बसले तेव्हाही तो राग घेऊनच बसले.

तेरच्या शिवारात आमचं चार एकर रान आहे आणि त्याला लागून हरणाबाईचं दीड एकर. मधे एक बांध. नाना, म्हणजे माझे वडील अण्णाराव, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आणि शेताकडं बघू लागले. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं. मी त्यांची एकुलती एक मुलगी, धाराशिवला नोकरी करते आणि शनिवारी दुपारच्या एसटीनं घरी येते. आठवड्यातून दीड दिवस तरी त्या बाईचा आवाज माझ्या कानावर पडायचाच.

हरणाबाई मेंढपाळाच्या घरची. तिचा जन्म वाटेवरच झाला, कुठल्या गावाच्या शिवेत ते तिच्या आईलाही नक्की सांगता येत नव्हतं. लग्न झालं ते कळप विकून जमीन घेतलेल्या माणसाशी. नवरा गेल्यावर तिनं ज्वारी-हरभरा सोडून फुलं धरली, तेव्हा भावकी पोट धरून हसली होती. आता त्याच भावकीच्या दारांवर दसऱ्याला तिच्या झेंडूची तोरणं लागतात. चैत्र आला की तिचा दिवस झुंजुमुंजूला सुरू होतो. मोगऱ्याच्या कळ्या उमलायच्या आत खुडायच्या, ओल्या फडक्यात बांधायच्या, गलांड्याच्या लाल-पिवळ्या फुलांच्या करंड्या भरायच्या आणि सहाच्या गाडीनं धाराशिवला पाठवायच्या. वाफ्यात कुणी चप्पल घालून पाय ठेवला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. फुलं तोडायला येणाऱ्या बायका तिला टरकून असतात आणि कंडक्टर माणसांच्या आधी तिच्या करंड्या चढवून घेतो. हे कौतुक म्हणून सांगत नाही, जे आहे ते सांगते आहे.

आमच्या बांधावर वेडी बाभूळ होती. आजोबांच्या काळात कुणीतरी कुंपणाला म्हणून लावली आणि मग ती कुणाचं ऐकेनाशी झाली. तोडली तर चौपट फुटते, खाली गवताचं पातं येऊ देत नाही, आणि काटा मोडला की आत राहून पिकतो. दर वर्षी फाल्गुन संपता संपता हरणाबाईनं गलांड्याची रोपं लावून पाणी सोडलं की रोपांच्या मधून ही बाभूळ शेकड्यांनी वर यायची. दोन वर्षं तिची नुसती कुरकुर चालली होती. मग खुरपताना एक काटा तिच्या डाव्या हाताच्या बोटात मोडला. पाडवा तोंडावर होता म्हणून ती दवाखान्यात गेली नाही. गेली तेव्हा बोटाचं वरचं पेर काढावं लागलं.

त्यानंतर तिनं आम्हाला सोडलं नाही. उपटलेल्या बाभळीचं टोपलं मुळासकट आमच्या अंगणात येऊन पडायचं. ग्रामसभेत उभी राहून ती म्हणाली की गुरुजींनी तिच्या रानात काटे पेरलेत. नानांची पेन्शन, नानांचे इस्त्रीचे कपडे, नानांना मुलगा नसणं, तिच्या तोंडातून काहीच सुटलं नाही. शेवटच्या गोष्टीवर मी दोनदा बांधाकडं धावले आणि दोन्ही वेळा नानांनी माझा हात धरून मला मागं आणलं. ते एक शब्द बोलायचे नाहीत. जमलेलं टोपलं उचलायचे आणि उकिरड्यावर जाळून टाकायचे.

गेल्या वर्षी पौषात नानांनी जेसीबी बोलावला आणि बांधावरची सगळी बाभूळ मुळापासून काढली. खोडं जाळली, खड्डे बुजवले. कुंपण गेलं तसं पंधरा दिवसांत रानडुकरं आत शिरली आणि उभा मका लोळवून गेली. हरणाबाई बांधावर येऊन रिकाम्या जागेकडं बघून गेली. बरं केलंत, एवढंही तिच्या तोंडून निघालं नाही.

मग फाल्गुनात नेहमीप्रमाणं तिचा भाऊ आला. बिराप्पा अजून कळप राखतो. आमच्याकडं शेतात मेंढ्या बसवण्याची रीत आहे. कळप रात्री रानात मुक्कामाला ठेवायचा, त्याच्या लेंड्यांचं खत जमिनीला मिळतं. त्यासाठी शेतकरी मेंढपाळाच्या मिनत्या करतात, धान्य देतात. बिराप्पा बहिणीकडून एक दाणा घेत नाही. झेंडू काढून मोकळ्या केलेल्या तिच्या अर्ध्या एकरात तो चार मुक्काम करतो. रोज वाघूर, म्हणजे मेखांवर ताणलेलं जाळीचं गोल कुंपण, उचलून नव्या जागी लावतो. ते चार दिवस हरणाबाई कुणावर ओरडत नाही. पुरण घालते, भावाच्या कुत्र्यांना दूध घालते, गुडघ्यात कोकरू धरून बसते. तिच्या माहेराला घर नाही, गाव नाही. ते चालत चालत वर्षातून एकदा तिच्याकडं येतं आणि मेंढ्यांमागून निघून जातं. आपल्या फुलांना भावाच्या मेंढरांचं खत आहे, हे ती अख्ख्या गावाला ऐकवायची.

एरवी मेंढ्या उठल्या की ती रान कुळवून घ्यायची, त्यामुळं लेंड्या सगळीकडं पसरायच्या. गेल्या वर्षी ट्रॅक्टर वेळेवर मिळाला नाही. तिनं हातानंच खड्डे घेतले, गलांड्याची रोपं लावली आणि पाणी सोडलं. पाडवा झाला आणि पुढच्या रविवारी सकाळी तिच्या रानातून हाक नाही, शिवी नाही, काहीच ऐकू येईना. मी मुद्दाम बांधावर गेले. बाभूळ पुन्हा उगवलीच होती, पण चार गोलांत. जिथं जिथं वाघूर होती तिथं हिरवं गच्च, मेखांची भोकंसुद्धा दिसत होती, आणि गोलाच्या बाहेर एकही रोप नव्हतं. हरणाबाई मधोमध उकिडवी बसली होती. तिच्या तळहातावर एक फोडलेली लेंडी होती आणि त्या लेंडीतून पांढरं मूळ बाहेर आलं होतं.

मी आठ वर्षं या क्षणाची वाट बघत होते. मी विचारलं, "आता सांगा मावशी, ही बाभूळ कुणाची?"

तिनं वर बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "पोरी, कुणाला बोलू नको."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिव्या द्यायच्या त्या साऱ्या शिवाराला ऐकू जातील अशा, आणि चूक कळली की कानात कुजबुजायचं. घरी येऊन मी नानांना सगळं सांगितलं. नाना शांतपणे म्हणाले, चार वर्षांपासून त्यांना हा अंदाज होता. बांधाला चिकटून तिचा मोगरा आहे. आमच्या शेंगा गळून बाभूळ उगवायची तर आधी त्या मोगऱ्यात उगवायला हवी होती, आणि तिथं कधी एक रोप नसायचं. उन्हाळ्याच्या तोंडाला वाटेवर चारा नसतो, मेंढपाळ बाभळीच्या गोड शेंगा झोडून मेंढ्यांना घालतात. बी पचत नाही, उलट पोटातून आलेलं लवकर रुजतं. मग तुम्ही बोलला का नाहीत, आणि जेसीबी कशाला आणला, असं मी ओरडून विचारलं. ते म्हणाले, आपली बाभूळ गेल्यावरही ती उगवते, हे तिचं तिला दिसावं म्हणून. आपण सांगितलं असतं तर गावभर होऊन तिला भावाचा कळप बंद करावा लागला असता, आणि तिला दुसरं माहेर नाही. वर मला शपथ घातली की तूही बोलायचं नाहीस. मी त्या दिवशी जेवले नाही.

हरणाबाईनं त्या वर्षात बाभूळ मुकाट उपटली. नानांना शिव्या बंद झाल्या, पण तिनं माफी मागितली नाही. यंदा माघात तिनं दुसऱ्या एका मेंढपाळाबरोबर भावाला निरोप धाडला की माझ्या रानात मेंढ्या बसवू नको. कारण सांगितलं नाही. मेंढरं देवाची, त्यांना नाव ठेवायचं नसतं, असं त्यांच्यात मानतात. माहेरच्या मेंढ्यांनी आपलं रान नासलं हे तिच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. बिराप्पाला वाटलं, बहिणीच्या फुलांना भाव आला आणि भाऊ जड झाला.

तरी फाल्गुनात तो आला. बहिणीच्या रानासमोरून कळप हाकत आमच्या बांधावर थांबला आणि नानांना विचारलं, गुरुजी, तुमच्या रानात बसवू का? नाना लगेच हो म्हणाले. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, अहो नाना, आपलं रान आपण हिच्यापायी मोकळं केलं आणि आता तेच बी तुम्ही हौसेनं पेरून घेताय. नाना म्हणाले, "चार दिवस भाऊ तिच्या नजरेसमोर राहील. बाभूळ काय, मी उपटीन."

बिराप्पा मेखा ठोकत होता तोवर हरणाबाई बांध ओलांडून आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचं पाऊल आमच्या रानात पडलं. हातात भाकरीचं गाठोडं होतं. ती सरळ भावापुढं जाऊन उभी राहिली.

"मेखा काढ बिराप्पा. हितं बसवू नको."

बिराप्पा खवळला. "तुझ्या रानात नको, आन लोकाच्या रानात बी नको? म्या काय पाप केलंय?"

"बाभळीचं बी तुझ्या मेंढरांच्या पोटातनं येतंय. माझं रान त्यानंच नासलं. आन म्या बोलले ह्या माणसाला."

बिराप्पानं हातातला दगड खाली टाकला. मग म्हणाला, फाल्गुनात शेंगांबिगर चारू काय, ते तरी सांग. दुसरा चारा नसतो हे तिलाही ठाऊक होतं, ती त्याच घरची होती. मग त्यानं विचारलं, "मंग म्या यायचं कुठं, अक्का?"

"नुसता ये की. एकटा ये. भाकर खा, चार दिस ऱ्हा."

"आन मेंढरं कुणाच्या जिवावर सोडू?"

बिराप्पानं एकेक मेख उपटली, जाळी घोड्यावर लादली, कुत्र्यांना हाळी दिली. तिनं पुढं केलेलं गाठोडं त्यानं घेतलं नाही. वस्तीपलीकडच्या वळणावर कळप दिसेनासा झाला तरी ती तशीच उभी होती.

खरं तर मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं, पण माझ्याच्यानं राहवलं नाही. नानांनी घातलेली शपथ मी मोडली. म्हटलं, "मावशी, तुमच्या शिव्यांची शेवटची चार वर्षं नानांना हे ठाऊक होतं."

तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग नानांकडं. "व्हय का, गुरुजी?"

नाना मान खाली घालून म्हणाले, "तुमचं माहेर तुटू नये म्हणून बोललो नाही."

"तुटायचं ते तुटलंच की." तिचा आवाज पुन्हा चढला, सारं शिवार ऐकेल इतका. "चार वर्सं तुमी मला गावासमोर खोटं बोलू दिलं. दर साली म्या टोपलं टाकत ऱ्हायले आन तुमी जाळत ऱ्हायला. तुमी चांगलं झाला, गुरुजी, आन म्या वाईट झाले. एकदा, एकदा तरी उलट बोलायचं व्हतं. आता तरी दोन शिव्या द्या मला."

ती वाट बघत उभी राहिली. नानांनी तिच्या हातातलं गाठोडं घ्यायला हात पुढं केला. तिनं ते छातीशी धरलं आणि बांध ओलांडून निघून गेली. नाना तेव्हाही काही बोलले नाहीत, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला हरणाबाईपेक्षा माझ्या बापाचा राग जास्त आला.