जावेची झोप

गडहिंग्लजच्या बाजारात रत्नव्वाचं कापडदुकान जुनं. लग्नाचा बस्ता बांधायचा म्हटलं की आसपासच्या खेड्यांतली माणसं तिच्याच गादीवर येऊन टेकायची. साडी उलगडून खांद्यावर टाकायची तिची एक ढब होती. बघणारी बाई दुसरं दुकान विसरायची. नवरा अण्णासो गल्ल्यावर असायचा, धाकटा दीर संगमेश बाहेरगावाहून माल आणायचा आणि त्याची बायको शिवलीला घर बघायची.

अण्णासो छातीत कळ येऊन गेला आणि रत्नव्वाची झोप त्याच्याबरोबर गेली. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. "पंधराच दिवस," असं बजावलंही. पण गोळी लागू पडली, मग सोडतंय कोण? मेडिकलवाला ओळखीचा. जुनी चिठ्ठी दाखवली की तो पाकीट पुढं सरकवायचा. अशी वर्षं गेली. पुढं एका गोळीनं भागेना, तशी ती दोन घ्यायला लागली.

अण्णासोच्या जागी शिवलीला दुकानात येऊन बसली, ती तो गेला त्याच दिवसांत. दुपारी शटर अर्धं ओढलं की ती कापडाच्या गाठोड्यावर डोकं टेकायची आणि बोलता बोलता घोरायला लागायची. रत्नव्वा समोर बसून बघत राहायची. जावेचा नवरा जिता होता, पोरगा शिवांश पुण्यात शिकत होता. ते सगळं तिनं एक वेळ पचवलं असतं. पण ही फुकटची झोप! गोळी नाही, पाण्याचा घोट नाही.  रत्नव्वा मुद्दाम मापाचा लोखंडी गज फरशीवर आपटायची. शिवलीला कूस बदलायची आणि पुन्हा घोरायची.

गोळ्यांची सुस्ती सकाळीही उतरत नव्हती. एकाला सांगितलेला भाव रत्नव्वा घटकाभरात विसरायची. एकदा ब्लाऊजपीस आखूड फाडला. गिऱ्हाईक हळूहळू शिवलीलेकडं वळलं. रत्नव्वाला वाटलं, हिनंच गोड बोलून फोडलं.

एक दिवस नेसरीकडची धोंडुबाई लेकीच्या बस्त्याला आली. रत्नव्वा उठली, तशी ती बाई तोंडावरच म्हणाली, "तुमी ऱ्हावा हो. धाकट्या वैनीस्नी बोलवा. मागच्या बारीला तुमी भलतंच बांधून दिलतासा."

शिवलीला पुढं आली. जावेची बाजू सावरायला म्हणून बोलली, "अक्कास्नी झोपंच्या गोळ्या चालू हायत की, त्येची गुंगी ऱ्हाते. त्येंचं काय चुकत न्हाय."

सगळ्या पाहुण्यांसमोर! रत्नव्वाचं तोंड उतरलं. घरी गेल्यावर तिनं सगळ्या गोळ्या मोरीत ओतल्या आणि वर बादलीभर पाणी सोडलं. त्या घोरणारीला जमतं, मग मला का जमू नये?

झोप आली तर नाहीच, उलट होती नव्हती तीही उडाली. अण्णासो गेला तेव्हासुद्धा असं झालं नव्हतं. अंगाला घाम, हाताला कंप, रस्त्यावरचा हॉर्न वाजला तरी छाती धडधडायची. शिवलीला विचारायची, "अक्का, बरं न्हाय काय?"

"झ्याक हाय. गोळीबिगर झोपतोय मी," रत्नव्वा ठणकावून सांगायची.

आठवडाही झाला नसेल. गादीवर माणसं बसलेली, रत्नव्वानं साडीची घडी उचलली आणि तशीच मागं कोसळली. दातखीळ बसली, हातपाय ताठ होऊन झटके यायला लागले. शिवलीलेनं तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली साड्यांची चवड सारली आणि संगमेशला गाडी काढायला ओरडली.

कोल्हापूरच्या दवाखान्यात ती शुद्धीवर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, "कुठली गोळी चालू होती का?"

रत्नव्वा भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "होती. टाकून दिली."

"एकदम?"

"एकदम."

"मावशी, सोडायचं मनात आणलंत ते बरं केलंत. पण इतकी वर्षं घेतलेली ही गोळी एका झटक्यात बंद करायची नसते. अंगाला तिची सवय लागलेली असते, म्हणून फिट आली. जिवावर बेतलं असतं. आता पुन्हा चालू करू आणि थोडी थोडी कमी करू. महिने लागतील. मनानं काही करायचं नाही."

गोळ्या घरातल्या दुसऱ्या कुणीतरी ठेवायच्या ठरल्या. दुसरं कोण असणार? रोज जेवणानंतर शिवलीलेपुढं हात पसरायचा, हे रत्नव्वाला गोळीपेक्षा कडू वाटायचं. वर गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "शिवलीला हाय म्हणून निभावलं." ते ऐकलं की तिचं डोकं फिरायचं.

गोळी निम्म्यावर आली तेव्हा झोप पुन्हा तुटायला लागली. एका संध्याकाळी रत्नव्वा भडकली. "गिऱ्हाईक घेतलंस, मान घेतलास. माझी झोपबी तुझ्याच मुठीत ठेवलीस काय?"

शिवलीला गप्प राहणाऱ्यांतली नव्हती. "मला हौस न्हाय, अक्का. शिव्याबी मीच खाऊ आन् गोळ्याबी मीच सांभाळू व्हय? घ्या तुमच्या तुमी!" असं म्हणून तिनं पाकीट पुढ्यात टाकलं आणि भाकऱ्या थापायला निघून गेली.

रत्नव्वानं त्या दिवशी ठरल्यापेक्षा दुप्पट घेतल्या. सकाळी जीभ जड, डोकं जड. वाटलं, कुणाला कळतंय? पण दुकानात फिट येऊन आपणच कोसळलो होतो, हे आठवून ती घाबरली. तिनं स्वतः डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "होतं असं. पुढचा महिना आहे तेवढ्यावरच राहू, घाई नको." फोन ठेवून रत्नव्वा स्वयंपाकघरात गेली आणि पाकीट शिवलीलेच्या हातात कोंबलं. 

वर्ष लोटलं तेव्हा गोळी सुटली. झोप पहिल्यासारखी गाढ नाही. मधेच जाग येते, मग पुन्हा डोळा लागतो. गजाचं माप मात्र बरोबर पडतं, भाव ध्यानात राहतात.

परवा एका लग्नात पंगतीला दोघी जावा शेजारी बसल्या होत्या. वाढायला आलेली बनाबाई शिवलीलेच्या पानात जास्तीची पोळी टाकत म्हणाली, "जावंला मरणाच्या दारातनं आणलीस बाई!"

रत्नव्वाच्या कपाळावरचा विभूतीचा पट्टा आक्रसला. "गोळी म्या सोडली. ही नुसतं पाकीट सांभाळत हुती."

"व्हय की," शिवलीला हसून म्हणाली आणि तूप मागवलं.

तिचं ते हसणंही रत्नव्वाला सोसलं नाही. तिनं आपलं पान पुढं केलं आणि बनाबाईला म्हणाली, "मला न्हाय व्हय पोळी?"