खिडकीबाहेरचा मोजा

चौदा मार्च, सकाळचे सात वाजून वीस मिनिटे. लक्झेंबर्गच्या दक्षिणेकडील या शहरात पोलादाच्या भट्ट्या विझून एक पिढी उलटली. दोन भट्ट्या स्मारक म्हणून रंगवून ठेवल्या आहेत आणि भोवती हिरवळ लावली आहे. इतकी स्वच्छता मला संशयास्पद वाटते. तरीही हवेतील धूळ मोजणारे माझे यंत्र तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून रोज त्या स्वच्छतेची ग्वाही देते.

शेजारच्या खिडकीत मादाम लेओनी तान्ह्या नातीचा एक मोजा दोरीला अडकवत होत्या. जोडीतला दुसरा त्यांनी आत ठेवला होता. भट्ट्यांच्या लाल धुळीच्या काळात इथल्या बायका आधी एकच कपडा बाहेर टांगीत, तो आतल्याशी ताडून पाहीत आणि मगच उरलेले धुणे वाळत टाकीत.

"हवा स्वच्छ आहे, मादाम. यंत्रच सांगते."

"आणि यंत्राला पगार कोण देतो, पोरी?"

मी हसले. पगार इथे नवी घरे विकणारी कंपनी देते. यंत्राची जागाही तिनेच ठरवली आहे. आकडा खोटा नसतो, पण तो कुठून घ्यायचा हे ठरवणारा माणूस असतो.

तासाभराने दोन्ही मोजे सारखेच पांढरे निघाले. मादाम समाधानाने बाळाची गाडी अंगणात उतरवू लागल्या. मी यंत्र उचलले आणि त्यांच्या आधी खाली जाऊन गाडीच्या नेहमीच्या जागी ठेवले.

खिडकीत नऊ मायक्रोग्रॅम धूळ होती. अंगणात एकेचाळीस.