आण्णांसाठी छतावर लावलेली कुस्ती

मंडळी, आज दुपारी आमच्या ताथवड्याच्या घरात आरडाओरडा झाला आणि मला फार बरं वाटलं.

खुब्याच्या ऑपरेशनपासून वडील, म्हणजे आमचे आण्णा, उताणे पडून असतात. टीव्ही बघता येत नाही, बोलणंही कमी झालंय. म्हणून आज एलईडी प्रोजेक्टर आणला आणि कुस्ती थेट छतावर लावली.

दिवसा चित्र फिकट दिसतं, खिडक्यांना चादरी लावाव्या लागल्या. आवाजही बारीक आहे. पण चित्र केवढं मोठं!

"आरं, पट काढ त्याचा!" आण्णा ओरडले.

आई धावत आली. "काय झालं?"

"काय न्हाई. तू बी हितं आडवी हो, बसून दिसायचं न्हाई."

आई खरंच शेजारी आडवी झाली.

उद्याही कुस्ती लावायची आहे. दिवसा खोलीत अंधार करायला तुम्ही काय करता?